क्रुगर जिल्ह्यात मावत नाही, द्राक्षबागा दौंडात मावतात

भीमेच्या अलीकडे शिरूर तालुक्यात आमचं घर, पलीकडे दौंडला ताई आणि दाजी. दोन्ही घरांनी मिळून दक्षिण आफ्रिकेला जायचं ठरलं, तेव्हा दाजींनी वहीत पहिलीच ओळ लिहिली: ‘एक दिवस क्रुगर, एक दिवस वायनरी, बाकी फिरणं.’ मी म्हटलं, "दाजी, आधी मोजून बघू." मोजायला बसलो आणि ती ओळ त्याच रात्री खोडावी लागली.

क्रुगर राष्ट्रीय उद्यानाचं क्षेत्रफळ १९,४८५ चौरस किलोमीटर. आपला अख्खा पुणे जिल्हा १५,६४३. लोणावळ्यापासून इंदापूरपर्यंत आणि जुन्नरपासून भोरपर्यंतची सगळी गावं, धरणं, साखर कारखाने, पुणे आणि पिंपरी-चिंचवडसकट उचलून त्या जंगलात ठेवली, तरी पावणेचार हजार चौरस किलोमीटरहून जास्त जागा उरते. २०११च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात ९४ लाख माणसं होती. तिथे मुक्कामाच्या तळांवरचे कर्मचारी आणि पाहुणे सोडले तर बाकी सगळं जनावरांचं.

दौंडकरांना जवळचं अभयारण्य म्हणजे सुप्याचं मयूरेश्वर. चौफुल्यावरून मोरगावला जाताना आपण त्याच्या जवळून जातो. चिंकारांसाठी राखलेलं हे गवताळ रान ५.१४ चौरस किलोमीटरचं आहे. भागाकार केला तर क्रुगरमध्ये अशी ३,७९० मयूरेश्वरं बसतात. रोज एक मयूरेश्वर बघायचं ठरवलं, एकही सुट्टी घेतली नाही, तरी क्रुगर संपायला दहा वर्षं साडेचार महिने लागतील. दाजींनी त्यासाठी एक दिवस धरला होता.

उत्तर-दक्षिण लांबी साधारण ३६० किलोमीटर, म्हणजे पुण्याहून निघून लातूर मागे टाकायचं. डांबरी रस्त्यावर वेगाची मर्यादा ताशी ५०, कच्च्या रस्त्यावर ४०. न थांबता गेलं तरी सात तासांच्या वर लागतात, आणि तिथे जायचं ते थांबण्यासाठीच. सूर्य मावळायच्या आत तळाच्या फाटकात शिरावं लागतं. म्हणून सगळं क्रुगर ‘करायचं’ हा शब्दच वहीतून काढून टाकला. फक्त दक्षिणेकडचा भाग आणि चार रात्री, असं ठरलं. परदेशी पाहुण्याला उद्यानाचं शुल्कही दर दिवसाचं असतं, अलीकडे माणशी सहाशे रँडच्या आसपास. रुपयांत तीन हजारांच्या आगेमागे.

आता तिथल्या रहिवाशांकडे बघा. क्रुगरमध्ये हत्ती वीस हजारांहून अधिक आहेत. २०२५ साली जाहीर झालेल्या डीएनए-आधारित गणनेत सबंध भारतातले जंगली हत्ती २२,४४६ भरले. हिमालयाच्या पायथ्यापासून केरळपर्यंतच्या हत्तींच्या तोडीस तोड हत्ती एका उद्यानात! मोठा हत्ती दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा खातो. पिल्लं आणि म्हातारे धरून थोडं कमी-जास्त करा, तरी रोजचा हिशोब तीन हजार टनांच्या घरात जातो. आपल्या भागातला एखादा मध्यम साखर कारखाना दिवसभरात एवढाच ऊस गाळतो. कारखान्याचा हंगाम चार-पाच महिन्यांत आटोपतो, हत्तींचा बारा महिने चालू.

सिंह दीड हजारांहून जास्त. गुजरातच्या २०२५च्या गणनेत ८९१ आले होते.

बिबट्याच्या आकड्यावर मात्र मी बराच वेळ अडकलो. क्रुगरमध्ये हजारेक बिबटे असावेत असा अंदाज सांगितला जातो. म्हणजे दर शंभर चौरस किलोमीटरमागे साधारण पाच. आता आपल्याकडे या. शेजारच्या जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून बिबटे मोजले. तो अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. शंभर चौरस किलोमीटरमागे जवळजवळ पाच प्रौढ बिबटे निघाले. जंगलात नव्हे, ऊस, वस्त्या आणि गोठ्यांच्या मधोमध. तिथे दर चौरस किलोमीटरला माणसं तीनशेहून जास्त होती. शंभर चौरस किलोमीटरचं रान घेतलं तर दोन्हीकडे बिबटे पाचच्या आसपास. फरक एवढाच की आपल्याकडे त्यांच्याबरोबर तीस हजार माणसं राहतात.

शिरूरच्या बेट भागातल्या लोकांना हे आकड्यात सांगायची गरज नाही. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके जुन्नर वनविभागात येतात आणि रात्रीची वीज आली की याच तालुक्यांतले शेतकरी हातात बॅटरी घेऊन उसाला पाणी द्यायला जातात. २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिंपरखेड-जांबूत परिसरात तीन आठवड्यांत बिबट्याच्या हल्ल्यांत तीन बळी गेले, त्यात दोन मुलं होती. क्रुगरमध्ये बंद गाडीच्या काचेतून बिबट्या दिसला तर पर्यटक दिवस सार्थकी लागला म्हणतात. आमच्याकडे तो आईबापांनी मुलांना संध्याकाळी अंगणात न सोडण्याचं कारण आहे. जंगल जनावरासाठी मोकळं ठेवायला एका जिल्ह्याहून जास्त जमीन लागते, हे तिथे कळतं. ती नसेल तर त्याची किंमत कोण मोजतं, हे इथे कळतं.

वाइनचा आकडा वेगळ्याच अंगाने चक्रावून टाकतो. दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातल्या द्राक्षांची पहिली वाइन २ फेब्रुवारी १६५९ रोजी गाळल्याची नोंद यान फान रीबेक या डच अधिकाऱ्याने आपल्या रोजनिशीत केली आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरात प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाचा वध झाला. एवढा जुना हा धंदा! आज तिथे वाइनच्या द्राक्षांचे वेल साधारण ९० हजार हेक्टरवर आहेत. ऐकायला प्रचंड वाटतं, पण ते होतात ९०० चौरस किलोमीटर. दक्षिण आफ्रिकेच्या वाइनच्या सगळ्या बागा एकट्या दौंड तालुक्यात बसवता येतील आणि वर जागा उरेल.

एवढ्याशा जमिनीतून वर्षाला ९० ते १०० कोटी लिटर वाइन निघते. ७५० मिलिलिटरच्या बाटल्या भरल्या तर १२० कोटींच्या वर. २०११च्या जनगणनेतला भारत १२१ कोटींचा होता, म्हणजे तान्ह्या बाळासकट माणशी एक बाटली. आता हीच वाइन आपल्या मापाने मोजू. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर आणि उजनीची क्षमता ११७ टीएमसी. दक्षिण आफ्रिकेने आपली सगळी वाइन उजनीत ओतायची ठरवली, तर धरण भरायला निदान ३,३०० वर्षं लागतील. १६५९पासून दरवर्षी आजच्याइतकी वाइन झाली असती, तरी सगळी मिळून फार तर तेरा टीएमसी. एक पानशेत भरून थोडी उरली असती. हिवाळ्यात भिगवण, कुंभारगावला रोहित बघताना ज्या पाण्यावर आपली नजर पोचत नाही, ते पाणी किती आहे हे मला या हिशोबाने पहिल्यांदा नीट कळलं.

वाइन बघायला परदेशीच जावं लागतं असंही नाही. तुकोबांची पालखी ज्या रोटी घाटातून चढते, त्या दौंड तालुक्यातल्या रोटीच्या माळावरच फोर सीझन्सची वायनरी आहे. केपमध्ये द्राक्षं जानेवारी ते मार्च-एप्रिलमध्ये तोडतात, कारण तिथे तेव्हा उन्हाळा सरत असतो. आपली तोडणीही जानेवारी ते मार्चमधलीच, पण कारण वेगळं. इथल्या हवेत वेल झोपत नाही, म्हणून बागायतदार एप्रिल आणि ऑक्टोबर अशा दोन छाटण्या घेऊन त्याला पीक देण्याच्या वेळेवर आणतो.

आणि इथेच सहलीचा पेच पडतो. क्रुगरमध्ये जनावरं चांगली दिसतात ती मे ते सप्टेंबर, गवत वाळल्यावर आणि पाणवठे आटल्यावर. तेव्हा केपच्या वेलींवर द्राक्षं नसतात. शिवाय दोन ठिकाणं देशाच्या दोन टोकांना. केप टाउन ते जोहान्सबर्ग रस्त्याने १,४०० किलोमीटर आणि पुढे क्रुगर आणखी चारशे. दौंडहून झेलम एक्सप्रेसने दिल्ली गाठली तरी अंतर याहून कमी भरतं. हा टप्पा विमानानेच करावा. मुलांच्या शाळा धरून आम्ही मे निवडला. मेमध्ये केपची तोडणी संपलेली, पानं पिवळी-तांबडी पडलेली आणि पाऊस तोंडावर असतो. क्रुगरला मात्र कोरडे दिवस सुरू होत असतात. वायनरीतलं लाकडी पिंपांचं तळघर कुठल्याही महिन्यात बघता येतं, पाणवठ्यावर आलेला कळप मात्र नाही.

विमान नैरोबी किंवा अदिस अबाबावरून असेल तर पीतज्वराच्या लशीचा दाखला लागू शकतो. ती लस निघण्याआधी किमान दहा दिवस घ्यावी लागते. क्रुगर मलेरियाच्या पट्ट्यात येतं, तेव्हा गोळ्यांचं आधीच डॉक्टरांना विचारा.

दाजींच्या वहीत आता नवी पहिली ओळ आहे: ‘निघण्याआधी एक सकाळ, सुपे.’ तुम्हीही जाणार असाल तर ती ओळ उतरवून घ्या. ५.१४ चौरस किलोमीटर एकदा पायाखाली घाला, उन्हं वर यायच्या आत चिंकारा बघा आणि मगच तिकिटं काढा.