निःशस्त्र सुरक्षारक्षकाचं काम कुठे संपतं?

मंडळी, मालवणात मोठा मॉल नाही. मग हा विषय इथे कशाला, असं तुम्ही विचाराल. पण एटीएमपाशी, हॉटेलच्या फाटकावर रात्र काढणारा माणूस इथेही आहे. आणि मुंबईच्या मॉलच्या दारात उभी असलेली आपली कोकणातली मुलं आहेतच. म्हणून आज आपण एकच गोष्ट नीट समजून घेऊ. या माणसाचं काम कुठे संपतं? ही रेघ माहीत नसली की तो नको तिथे जीव धोक्यात घालतो.

आधी कायदा पाहू. महाराष्ट्राने १९८१ साली खासगी सुरक्षारक्षकांसाठी वेगळा कायदा केला. त्यातून सुरक्षारक्षक मंडळं उभी राहिली. पुढे २००५ साली केंद्राचा कायदा आला आणि एजन्सीला परवाना सक्तीचा झाला. नव्या रक्षकाला १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष जागेवर प्रशिक्षण द्यावं, असं नियम सांगतात. पण पोलिसाचे अधिकार कुठेच दिलेले नाहीत. उलट, पोलिसासारखा गणवेश घालायलाही बंदी आहे.

मग चोर पकडायचा की नाही? डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला, तर कुणीही नागरिक गुन्हेगाराला धरू शकतो. नव्या संहितेप्रमाणे त्याला सहा तासांच्या आत पोलिसांकडे द्यावं लागतं. रक्षकाचा अधिकार एवढाच, तुमच्याआमच्याइतका. आणि हा अधिकार आहे, सक्ती नव्हे. समोरच्याच्या हातात सुरा असेल तर मागे सरणं, चेहरा आणि गाडीचा नंबर लक्षात ठेवणं, ११२ ला फोन करणं, हेच चोख काम. पण गेलेल्या मालाचे पैसे पगारातून कापतील अशी धास्ती असली, तर तो धावणारच. म्हणजे धोका चोराइतकाच मालकाच्या धोरणातही असतो.

आता आग. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबईत नागपाड्याच्या सिटी सेंटर मॉलला आग लागली. शेजारच्या उंच इमारतीतल्या सुमारे ३,५०० रहिवाशांना बाहेर काढावं लागलं. अशा वेळी लोक गणवेशाकडे बघतात, ‘कुठून जाऊ?’ विचारतात. त्याला जिन्याची वाट ठाऊक नसेल, आपत्कालीन दाराला कुलूप असेल, तर लोकही अडकतात आणि तोही.

तिसरा धोका कुणाला दिसत नाही, तो म्हणजे उभं राहणं. बारा-बारा तास उभं राहून पाय सुजतात, कंबर धरते, डोळा लागतो. केरळात दुकानांतल्या कामगार बायका खुर्चीसाठी लढल्या. २०१८ साली तिथे बसण्याचा हक्क कायद्यात आला, २०२१ मध्ये तामिळनाडूतही आला. थकलेल्या रक्षकाला समोरचा धोका उशिरा दिसतो, म्हणून खुर्ची ही चैन नव्हे.

तेव्हा घरातला कुणी या नोकरीला निघाला, तर पगाराबरोबर आणखी चार गोष्टी विचारा. एजन्सीला परवाना आहे का? रात्री जोडीला दुसरा माणूस आहे का? मदत कुणाकडे आणि कशी मागायची, हे लिहून दिलंय का? इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देणार? उत्तर ‘बघू नंतर’ असं आलं, तर सही करायची घाई नको.

आता तुमचे प्रश्न घेऊ.