दुधातलं प्रोटीन मोजतात कसं?

आमची आजी सध्या वसईहून आमच्याकडे हैदराबादला आली आहे. डॉक्टरांनी तिला प्रोटीन वाढवायला सांगितलंय. परवा दुधाच्या पिशवीवरचा आकडा वाचून दाखवला, तर म्हणाली, "पण हे मोजलं कुणी?" मी पडले साहित्याची विद्यार्थिनी! मग विज्ञान शाखेतल्या मैत्रिणींना गाठलं.

१८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल यांनी शोधलेली पद्धत आजही प्रमाण मानतात. गंमत म्हणजे ती प्रोटीन मोजतच नाही, नायट्रोजन मोजते. दूध तीव्र सल्फ्युरिक आम्लात उकळलं की प्रोटीनमधल्या नायट्रोजनचं अमोनियम सल्फेट होतं. त्यात कॉस्टिक सोडा घालून अमोनिया मोकळा करायचा, बोरिक आम्लात धरायचा आणि टायट्रेशन करायचं. आलेल्या नायट्रोजनला ६.३८ ने गुणायचं. १०० ग्रॅम दुधात ०.५ ग्रॅम नायट्रोजन, म्हणजे सुमारे ३.२ ग्रॅम प्रोटीन.

मेख इथेच आहे. नायट्रोजन कुठून आला, हे या पद्धतीला कळत नाही. युरियात सुमारे ४६ टक्के नायट्रोजन असतो. पाणी घातलेल्या दुधात १ ग्रॅम युरिया टाकला, की कागदावर जवळपास ३ ग्रॅम 'प्रोटीन' वाढतं! मेलामाइनमध्ये तर ६६ टक्के नायट्रोजन. २००८ साली चीनमध्ये बाळांच्या दूध पावडरीत ते सापडलं. सुमारे ३ लाख मुलं आजारी पडली, सहा बाळं दगावली.

यावर उपाय आहे. दुधात ट्रायक्लोरोअॅसिटिक आम्ल घातलं की प्रोटीन साकळतं, युरिया मात्र पाण्यातच राहतो. गाळलेल्या पाण्यातला नायट्रोजन वजा केला की खरं प्रोटीन कळतं. मोठ्या डेअऱ्यांत इन्फ्रारेड यंत्र मिनिटभरात आकडा देतं; पण तेही आधी केल्डालच्या आकड्यांशी जुळवून घ्यावं लागतं.

युरियाची चाचणी घरीही होते. चमचाभर दुधात अर्धा चमचा तूरडाळीची किंवा सोयाबीनची पूड मिसळा. पाच मिनिटांनी तांबडा लिटमस कागद अर्धा मिनिट बुडवा. निळा झाला, तर युरिया आहे असं समजा.

आमचा कागद तांबडाच राहिला. "याने प्रोटीन किती ते कळत नाही हं, फक्त युरिया नाही एवढंच," मी आजीला बजावलं. "तेवढं कळलं तरी पुरे," म्हणत तिने पेला उचलला.