हिशेब तोच, खिडकी नवी

हिवरे बाजारात दरवर्षी पावसाळा सरला की पाण्याचा ताळेबंद मांडतात. पाऊस किती झाला, मुरला किती, पिण्यासाठी पाणी राखायचं किती. मग रब्बीचं ठरतं. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अवर्षणग्रस्त पट्ट्यात हा हिशेब टाळून भागत नाही.

असा हिशेब नकाशावर मांडायचा, म्हणजे उतार, माती, ओढे, गट नंबर असे थर एकावर एक ठेवायचे, तर क्यूजीआयएस हे फुकट आणि खुलं सॉफ्टवेअर हाताशी आहे. गॅरी शर्मन यांनी २००२ मध्ये अलास्कात ते सुरू केलं. राज्याच्या 'पोकरा' या शेती प्रकल्पासाठी आयआयटी मुंबईने पाण्याच्या ताळेबंदाचं प्लगिन, म्हणजे मूळ सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्राम, बेतलं, तेही याच्यावरच.

क्यूजीआयएसची बटणं, मेनू, खिडक्या त्याच्या स्वतःच्या नाहीत. त्या 'क्यूटी' नावाच्या टूलकिटमधून येतात. सुतार चौकटी तयार आणून घराला बसवतो, तसंच. पण चौकटी बनवणारा माप बदलतो तेव्हा पंचाईत होते. २०१८ मध्ये क्यूजीआयएस ३ आलं, तेव्हा क्यूटी ४ जाऊन ५ आलं, सोबत पायथॉनही बदललं, आणि जुनी प्लगिनं आहे तशी चालेनाशी झाली. क्यूजीआयएस ४ आता क्यूटी ६ वर उभं आहे.

बदल दिसायला क्षुल्लक असतात. मजकूर डावीकडे लावायला पायथॉनमध्ये 'क्यूटी.अलाइनलेफ्ट' एवढं पुरायचं. आता मध्ये 'अलाइनमेंटफ्लॅग' घालावं लागतं. ते राहिलं की खिडकी उघडण्याआधीच प्लगिन कोलमडतं. मुरलेल्या पाण्याचं सूत्र मात्र शाबूत असतं!

मराठी नकाशाचं आणखी एक नाजूक दुखणं आहे. 'पाथर्डी' लिहिताना रफार 'डी'च्या डोक्यावर चढवायचा, हे काम क्यूटीच्या आत बसलेलं 'हार्फबझ' करतं. तिथे गडबड झाली तर तालुक्याचं नाव फुटतं. म्हणून नव्या आवृत्तीत पाथर्डी, श्रीगोंदा अशी नावं आधी तपासावीत. इंग्रजी नावांवर चाचणी करून काही कळत नाही.

टूलकिट बदलणं सगळ्यांनाच जड जातं. नेटवर्क तपासणाऱ्या वायरशार्कने २०१५ मध्ये जीटीके हे दुसरं टूलकिट सोडून क्यूटी धरलं. चित्रं सजवणाऱ्या गिंपची तर गंमतच: जीटीके जन्मलं गिंपसाठी, आणि जीटीके ३ आलं २०११ मध्ये, पण त्यावरचं गिंप ३.० यायला मार्च २०२५ उजाडला. मुख्य सॉफ्टवेअरला निदान जगभरचे हात लागतात. एखाद्या प्रकल्पापुरतं केलेलं गावाकडचं प्लगिन निधी संपला की पोरकं होतं. माझ्या मते खरा धोका तिथेच आहे.

तेव्हा संस्था, कॉलेजं, ग्रामपंचायती यांनी प्लगिन करून घेताना त्याचा सोर्स कोडही मागून घ्यावा. आणि आपलं प्लगिन क्यूजीआयएस ४ वर चालतंय याची खात्री होईपर्यंत संगणकावरचं ३ काढू नये. दोन्ही शेजारी शेजारी ठेवता येतात.