कचऱ्याचे पुढे काय? (लेखांक ६) : ग्वाल्हेरच्या जिवाणूंना न पचलेली बाटली

मागील लेखांकात पालापाचोळ्याचे खत कसे होते ते पाहिले. या वेळी वळू प्लास्टिककडे. ‘प्लास्टिक खाणारी बुरशी सापडली’ ही बातमी दर वर्षा-दोन वर्षांनी येते, चर्चा होते आणि पुढे तिचा पत्ता लागत नाही. असे का होते हे समजून घ्यायला ग्वाल्हेरइतकी चांगली जागा नाही. सूक्ष्मजीवांना कामाला लावून घाणीचा प्रश्न सोडवण्याचा देशातला एक मोठा प्रयोग याच शहरातून निघाला, आणि वाटेत त्याला प्लास्टिकच आडवे आले.

ग्वाल्हेरच्या झाशी रोडवर संरक्षण संशोधन संस्थेची ‘डीआरडीई’ ही प्रयोगशाळा आहे. सियाचीन-लडाखसारख्या ठिकाणी जवानांची विष्ठा थंडीमुळे कुजत नाही, तशीच साचून राहते. त्यावर उपाय शोधताना इथल्या शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकासारख्या अतिथंड प्रदेशांतून आणलेले जिवाणू वापरले. बंद टाकीत, प्राणवायूविना, हे जिवाणू मैल्याचे पाणी आणि वायू यांत रूपांतर करतात. पुढे हेच तंत्र रेल्वेने उचलले. २०११ मध्ये ग्वाल्हेर-वाराणसी बुंदेलखंड एक्स्प्रेसला जैवशौचालये बसली. आज देशभरातील डब्यांत अशी अडीच लाखांहून अधिक शौचालये आहेत.

त्यानंतर महालेखापालांचा २०१७ चा अहवाल आला. २०१६-१७ या वर्षात सुमारे २५ हजार जैवशौचालयांत जवळपास दोन लाख दोष नोंदवले गेले होते आणि त्यांतले निम्म्याहून अधिक तुंबण्याचे होते. प्रवासी आत बाटल्या, गुटख्याच्या पुड्या, पन्न्या टाकत होते. उणे तापमानात तग धरणाऱ्या जिवाणूंना त्या पचणे शक्यच नव्हते. शेवटी शौचालयात कचऱ्याचा डबा ठेवणे आणि ‘आत काही टाकू नका’ असे प्रवाशांना सांगत राहणे, हाच उपाय उरला.

बुरशीला काय जमते?

जिवाणूंना जे जमले नाही ते बुरशीला जमेल, असे मानायला आधार आहे. बुरशीला तोंड नाही, पोट नाही. ती आपले बारीक तंतू अन्नात घुसवते, पाचक विकरे बाहेरच सोडते आणि विरघळलेला भाग शोषून घेते. लाकडातले लिग्निन हे निसर्गातले अत्यंत चिवट द्रव्य. ते पुरते फोडण्यात लाकूड कुजवणाऱ्या काही बुरश्यांचा हात धरणारे दुसरे कोणी नाही. झाडाच्या पानावर मेणचट संरक्षक थर असतो. त्यातले क्यूटिन हे एक प्रकारचे नैसर्गिक पॉलिएस्टरच. पानावर हल्ला करणाऱ्या बुरश्या ते तोडणारे विकर कोट्यवधी वर्षांपासून बनवत आल्या आहेत.

म्हणूनच प्लास्टिकच्या बाबतीत पहिला प्रश्न असतो, कोणते प्लास्टिक? फोमच्या गाद्यांतले पॉलियुरेथेन किंवा पाण्याच्या बाटलीचे पेट यांच्या साखळीत प्राणवायू असलेले जोड असतात. विकराला तिथे घाव घालता येतो. इक्वेडोरच्या जंगलातून येल विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी आणलेली पेस्टालोटिओप्सिस (२०११) आणि इस्लामाबादच्या कचराडेपोवर सापडलेली ॲस्परजिलस ट्युबिंजेन्सिस (२०१७) या गाजलेल्या बुरश्या पॉलियुरेथेनवरच्या आहेत. भाजीची पन्नी मात्र पॉलिथीनची. तिच्यात कार्बन आणि हायड्रोजन यांची लांबच लांब साखळी, धरायला जागाच नाही. आधी ऊन किंवा उष्णता यांनी तिच्यात प्राणवायू शिरावा लागतो, मग बुरशीचे काम सुरू होते.

सिडनी विद्यापीठाच्या गटाने २०२३ मध्ये हाच क्रम वापरला. अतिनील किरण किंवा उष्णता यांचा मारा केलेले पॉलिप्रॉपिलीन दोन बुरश्यांना दिले, तेव्हा ९० दिवसांत त्याचा सुमारे पाव भाग घटला. आपल्याकडे पुणे विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातील संशोधकांनी पश्चिम किनाऱ्यावरच्या १२ ठिकाणांहून तिवरांच्या मुळांलगतची माती आणली, तिच्यातून १०९ बुरश्या वेगळ्या केल्या आणि त्यांना पॉलिथीन दिले. त्यांचा निबंध २०१९ साली प्रसिद्ध झाला. सर्वांत सरस ठरलेल्या ॲस्परजिलस टेरियसने ६० दिवसांत पॉलिथीनचे वजन सुमारे ५८ टक्क्यांनी घटवले, पण ते सतत हलणाऱ्या चंबूत आणि चांगल्याच अल्कधर्मी द्रावणात.

वजन घटले म्हणजे प्लास्टिक पचले, असेही लगेच म्हणता येत नाही. त्यात मिसळलेली इतर द्रव्ये निघून गेली, कण सुटे झाले तरी वजन घटते. म्हणून नेदरलँड्सच्या समुद्र संशोधकांनी २०२४ मध्ये खूण केलेल्या कार्बनचे पॉलिथीन वापरून तो कार्बन कुठे जातो याचा माग काढला. बुरशीने ते खरोखर पचवले होते. वेग मात्र दिवसाला ०.०५ टक्के, तोही अतिनील किरण आधी पडले असतील तर. वेग तसाच राहिला तरी एक पन्नी संपायला साडेपाच वर्षे लागतील.

डेपोवर का नाही?

मग ग्वाल्हेरच्या केदारपूर कचराडेपोवर बुरशी शिंपडली तर? ग्वाल्हेरचे मे महिन्यातले ऊन ४५ अंशांपार जाते. त्यात पन्नी ठिसूळ होते, म्हणजे बुरशीसाठी अन्न तयार होते, पण तेव्हा ओल नसते. पावसाळ्यात ओल असते, पण कचरा ढिगात गाडलेला असतो, तिथे ऊन नाही आणि हवाही कमी. शिवाय ढिगात बुरशीला प्लास्टिकपेक्षा सोपे अन्न मुबलक मिळते. पोळीचा तुकडा हाताशी असताना ती पन्नीकडे कशाला वळेल?

धोकाही आहेच. या संशोधनात ॲस्परजिलस हे नाव सारखे येते. याच कुळातली एक बुरशी शेंगदाण्यात विषारी अफ्लाटॉक्सिन तयार करते, दुसरी दुबळ्या फुप्फुसांत संसर्ग करते. अशांचे बीजाणू शहराच्या वाऱ्यावर सोडून चालणार नाही.

यश जिथे मिळाले तिथली रचना वेगळी आहे. पालापाचोळ्याच्या खतातून मिळालेले, क्यूटिन तोडणारे एक विकर फ्रान्समधल्या संशोधकांनी सुधारले आणि २०२० मध्ये दळलेल्या पेटचे ९० टक्के विघटन १० तासांत करून दाखवले. त्यासाठी बंद टाकी, ७२ अंशांचे नेमके तापमान आणि आत फक्त पेट लागले. तिथे जीव सोडलेलाच नव्हता, त्याचे एक हत्यार तेवढे काढून घेतले होते.

ग्वाल्हेरचा धडाही तोच. जिवाणू कमी पडले नाहीत. त्यांच्या टाकीत त्यांचे अन्न नसलेली वस्तू पडली. उद्या बुरशीची किंवा विकराची टाकी आली तरी तिच्यात फोम, बाटली आणि पन्नी एकत्र ओतून चालणार नाही. प्रत्येकीचा जोड वेगळा, पचवणारा वेगळा. प्रयोगशाळेला अजून बरेच काम आहे, पण टाकीच्या तोंडाशी प्लास्टिक जातवार वेगळे झाले नाही तर त्या कामाचा उपयोग शून्य. आणि हे वेगळे करण्याचे काम आज आपल्या शहरांत मुख्यतः यंत्रे नव्हे, तर पाठीवर पोते घेतलेली माणसे करतात. प्लास्टिकची जात हाताला कळणाऱ्या या कचरावेचकांच्या कौशल्याबद्दल आणि त्यांना मिळणाऱ्या भावाबद्दल पुढील लेखांकात.