पाहुणी मोटार आणि गावची रीत

पाहुणा कितीही मोठ्या घरचा असला, तरी आपल्याकडे आल्यावर वहाणा उंबऱ्याबाहेरच काढतो. त्यात त्याच्या वहाणांचा दोष नसतो. या घरची रीत तशी असते, एवढंच. परदेशातून आणलेल्या मोटारीचंही असंच आहे. जर्मनीत किंवा फ्रान्समध्ये वापरलेली, इंजिनाने ठणठणीत आणि ब्रेकला चोख अशी मोटार इंग्लंडात नेली, तर तिथे तिला आपल्या काही सवयी सोडाव्या लागतात. त्या कोणत्या आणि का, हे पाहिलं की आपल्याकडच्या ‘पासिंग’ या शब्दामागचं तत्त्वही उलगडेल.

इंग्लंडात रहदारी आपल्यासारखी रस्त्याच्या डाव्या बाजूने चालते, जर्मनी-फ्रान्समध्ये उजव्या. म्हणून तिकडच्या गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडे असतं. तुम्हाला वाटेल, इंग्लंडात पोचल्यावर पहिलं काम ते उजवीकडे आणण्याचं असणार. पण तसं नाही. डाव्या स्टिअरिंगची मोटार तिथे नोंदवता येते. गाडी अडते ती दिव्यांवर आणि वेगाच्या काट्यावर.

तिथे तपासणी दोन टप्प्यांत होते. गाडी फार जुनी नसेल, तर नोंदणीआधी ती स्थानिक नियमांत बसते की नाही हे पाहून मान्यता देतात. पुढे दरवर्षीची चाचणी असते. तिला तिथल्या वाहतूक मंत्रालयाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘एम. ओ. टी.’ म्हणतात. ही चाचणी १९६० साली सुरू झाली. प्रथम ती दहा वर्षांच्या जुन्या गाड्यांना होती. १९६७ साली तीन वर्षांच्या गाड्यांनाही लागू झाली. ब्रेक, स्टिअरिंग, टायर, दिवे असं सगळं तीत पाहतात.

आता दिव्यांचं पाहू, कारण खरी गोम तिथेच आहे. रात्री समोरून गाडी आली की चालक डिपर देतो, म्हणजे झोत खाली घेतो. पण खाली घेतलेला झोत दोन्ही बाजूंना सारखा नसतो. डाव्या रहदारीसाठी घडवलेल्या दिव्यात उजवीकडचा उजेड बसका ठेवतात, कारण समोरून येणाऱ्याचे डोळे त्या बाजूला असतात. डावीकडचा उजेड मात्र थोडा वर चढवतात, म्हणजे रस्त्याची कड, पाटी, कडेने चालणारा माणूस दुरून दिसतो. उजव्या रहदारीच्या दिव्यात हेच नेमकं उलट, आरशातल्यासारखं असतं. असा दिवा इंग्लंडच्या रस्त्यावर आला म्हणजे दुहेरी नुकसान. चढता उजेड समोरच्याच्या डोळ्यांत घुसतो, आणि डाव्या कडेचा वाटसरू अंधारातच राहतो. गाडीत बसलेल्याला काहीच कळत नाही. त्याला आपला दिवा लख्ख वाटतो!

म्हणून डाव्या रहदारीचे दिवे बसवावे लागतात. काही गाड्यांत दिव्याच्या आतली खटकी सरकवून भागतं. काचेवर चिकटपट्टी लावून झोत अडवण्याची युक्तीही आहे. पण ती चार दिवसांच्या प्रवाशासाठी, कायम राहायला आलेल्या गाडीसाठी नव्हे.

दुसरी गोष्ट मागच्या धुक्याच्या दिव्याची. इंग्लंडात धुकं दाट. मागून येणाऱ्याला पुढची गाडी वेळीच दिसावी म्हणून १ एप्रिल १९८० पासून वापरात आलेल्या गाड्यांना मागे एक प्रखर तांबडा दिवा हवा, आणि तोही मधोमध किंवा उजवीकडे. युरोपातल्या ज्या गाड्यांत हा एकच दिवा असतो, तिथे तो बहुधा डावीकडे सापडतो. मग तारा फिरवून तो उजवीकडे आणावा लागतो. अमेरिकी गाड्यांची तऱ्हा आणखी निराळी. त्यांच्यात वळणाची मागची खूण अनेकदा तांबड्या दिव्याने देतात. इंग्लंडात १ सप्टेंबर १९६५ नंतरच्या गाडीला ती पिवळसर नारिंगीच लागते, म्हणजे ब्रेकचा दिवा कोणता आणि वळणाचा कोणता, यात गफलत होत नाही.

तिसरी गोष्ट वेगाचा काटा. इंग्लंडात पाट्यांवर मैल लिहितात. एक मैल म्हणजे सुमारे १.६ किलोमीटर. काटा किलोमीटरचा आणि पाटी मैलांची असली, तर चालकाला प्रत्येक पाटीशी मनात त्रैराशिक मांडावं लागेल. म्हणून तबकडीवर मैलांचे आकडे हवेत.

दिव्यांचं महत्त्व किती, हे स्वीडनने अनुभवलं. ३ सप्टेंबर १९६७ रोजी पहाटे त्या देशाने आपली रहदारी डावीकडून उजवीकडे नेली. तिथल्या बहुतेक मोटारींचं स्टिअरिंग आधीपासून डावीकडेच होतं, त्यामुळे ते हलवायचा प्रश्नच नव्हता; पण दिवे मात्र बदलावे लागले. आपल्या देशाच्या आयात धोरणातही नव्या परदेशी मोटारीला याच जातीच्या अटी आहेत: काटा किलोमीटरचा आणि झोत डाव्या रहदारीला जुळणारा. शिवाय इथे स्टिअरिंगही उजवीकडेच लागतं.

शिक्षकमित्रांनी एक प्रयोग मुलांना जरूर दाखवावा. तिन्हीसांजेला शाळेच्या भिंतीपासून दहा मीटरवर, सपाट जागी मोटारसायकल उभी करा. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजा आणि तेवढ्याच उंचीवर भिंतीवर खडूची रेघ ओढा. एकाला गाडीवर बसवा, डिपर द्या. उजेडाची वरची कड रेघेच्या खालीच हवी. दर मीटरला एक सेंटिमीटर उतार धरला, तर ती दहा सेंटिमीटर खाली पडेल. आता मागे आणखी एकाला बसवा. मागची बाजू दबते, तोंड वर होतं आणि कड वर सरकते. उसाने भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरची मागची बाजू दाबते, तेव्हाही त्याच्या दिव्यांचं हेच होतं.

गाडी किती पळते, किती ओढते, हे मालकाला ठाऊकच असतं. पासिंगमध्ये पाहायचं असतं ते त्याला न दिसणारं: समोरच्याच्या डोळ्यांना आपला दिवा कसा भासतो, मागच्याला आपली खूण कळते की नाही. गाडी परदेशी असो की आपल्या गावची, रस्त्यावर ती एकटी नसते. रात्री बाजाराहून पायी परतणारा शेतकरी आपल्या डाव्या हाताला चालत असेल. त्याने ती गाडी विकत घेतलेली नसते. पण तिच्या दिव्यांवर त्याचाही जीव अवलंबून असतो.