मधल्या फोनचं काय?

२७ जुलै २०१९. मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुराच्या पाण्यात अडकली. आत हजारावर माणसं, त्यात नऊ गरोदर बायका. गावकरी, एनडीआरएफ, नौदल सगळे धावून आले आणि प्रवासी सुखरूप बाहेर निघाले. तोवर घरच्यांचा जीव मोबाईलच्या एका रिंगवर टांगलेला असणार, नाही का?

मैत्रिणींनो, अशा वेळी टॉवरच बंद पडला तर? मोबाईल रेंज शोधत राहतो आणि बॅटरी आणखी लवकर उतरते. यावर शास्त्रज्ञांचं म्हणणं असं, की टॉवर नसेना का, फोन आपापसांत बोलतील की! तुमचा निरोप शेजारणीच्या फोनवर, तिथून पुढच्या डब्यात, असं करत जिथे रेंज आहे तिथवर. हळदीकुंकवाचं बोलावणं आळीभर पोचतं ना, तसंच. अर्थात, फोनमध्ये तशी सोय आधीच घालून ठेवलेली हवी. हाँगकाँगच्या आंदोलकांनी २०१४ मध्ये फायरचॅट नावाचं ॲप असंच वापरलं होतं.

आता बॅटरीचा हिशेब बघा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की निरोप पाठवायला ताकद चौपट लागते. म्हणून शंभर मीटरवर एका दमात ओरडण्यापेक्षा दहा-दहा मीटरवर दहा वेळा हळू सांगितलं, तर पाठवण्याची वीज एक दशांशच लागते. मात्र ऐकायलाही वीज जाते बरं का, त्यामुळे फार तुकडे पाडले तर उलट तोटाच.

खरी गोम पुढे आहे. सगळ्यांत स्वस्त वाट बघायला गेलं तर ती पुन्हापुन्हा त्याच मधल्या फोनवरून जाते. स्वतःचा एकही निरोप नसताना बॅटरी पहिली संपते ती त्याची. (घरातली मधली सून आठवली ना?) आणि तो विझला की दोन्हीकडची माणसं तुटतात. १९९८ मध्ये सुरेश सिंग, माईक वू आणि सी. एस. राघवेंद्र यांनी नेमकं हेच मांडलं: वाट ठरवताना कुणाच्या बॅटरीत किती उरलंय तेही बघा. वाट थोडी लांबची पडली तरी चालेल, पण दमलेल्याला वगळा.

आपल्या साध्या फोनवरही हे जमतं. पावसात गाडी अडकली आणि रेंज जेमतेम असली, तर डब्यातल्या चौघींनी पाळीपाळीनं एकीचाच फोन चालू ठेवावा, बाकीच्या तिघींनी बंद. आणि चौघींच्या घरचे निरोप त्या एकाच फोनवरून, छोट्या एसेमेसनं पाठवावेत.