निवृत्तिनिधीची गुंतवणूक : दैव आणि कौशल्य

भंडारा जिल्ह्यातील शाळाशिक्षकाच्या किंवा जवाहरनगर येथील आयुधनिर्माणीतील कामगाराच्या वार्धक्याचा शेअरबाजाराशी संबंध येईल, असे पूर्वी कोणास वाटले नसते. केंद्र सरकारने १ जानेवारी २००४ पासून व राज्य सरकारने १ नोव्हेंबर २००५ पासून नव्या नेमणुकांना अंशदानाधिष्ठित निवृत्तिवेतन योजना लागू केली, तेव्हा हा संबंध जडला. पुढे १ एप्रिल २०२५ पासून केंद्रीय कर्मचाऱ्यांस निश्चित प्रमाणाच्या निवृत्तिवेतनाचा पर्याय मिळाला. तथापि बाजारावर अवलंबून असलेल्या बचतीचा प्रश्न त्यामुळे संपलेला नाही. अशा बचतीला लाभणारे यश कौशल्याचे की दैवाचे, याचा येथे विचार करावयाचा आहे.

प्रथम कौशल्याची बाजू पाहू. एखादा गुंतवणूकदार बाजाराच्या सरासरीपेक्षा दरसाल २ टक्के अधिक परतावा मिळवितो आणि या आधिक्याचे प्रमाण विचलन १० टक्के आहे, असे समजू. हे आधिक्य केवळ योगायोगाचे नाही असे संख्याशास्त्राच्या रूढ कसोटीनुसार म्हणावयाचे, तर सरासरी ही तिच्या प्रमाण त्रुटीच्या सुमारे दुप्पट असावी लागते. त्यासाठी शंभर वर्षांची आकडेवारी हवी. नोकरीचा काळ मात्र फार तर पस्तीस-चाळीस वर्षांचा! तेव्हा कौशल्य असूनही ते एका आयुष्यात सिद्ध करता येत नाही.

आता दैवाकडे वळू. मुंबई शेअरबाजाराचा संवेदी निर्देशांक ३१ मार्च २०२० रोजी २९,४६८ होता. ३१ मार्च २०२१ रोजी तो ४९,५०९ झाला. ज्याची सारी बचत निर्देशांकात होती, त्याच्या निवृत्तीची तारीख एका वर्षाने पुढेमागे होताच निधीच्या मूल्यात ६८ टक्क्यांचा फरक पडला असता. जन्मतारखेवर ठरणाऱ्या निवृत्तीत कौशल्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

निवृत्तीनंतरही दैव पाठ सोडीत नाही. दहा लाखांच्या निधीतून दरवर्षअखेर एक लाख काढावयाचे आहेत. तीन वर्षांत अनुक्रमे ३० टक्के घट, १० टक्के वाढ व ३० टक्के वाढ झाली, तर शेवटी ६.२८ लाख उरतात. हाच क्रम उलटा आला, तर ७.५४ लाख उरतात. रक्कम काढलीच नसती, तर दोन्ही क्रमांत निधी सारखाच, सुमारे दहा लाख राहिला असता. म्हणजे फरक पडतो तो केवळ वर्षांच्या क्रमामुळे.

मग कौशल्याला स्थान कोठे? जिल्ह्यातील कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांचे उदाहरण येथे उपयुक्त ठरेल. पाऊस पाडणे त्यांच्या हाती नव्हते. पडलेले पाणी अडवून धानाचे पीक कोरड्या आठवड्यांतून तारून नेणे हाती होते. निवृत्तिनिधीचेही तसेच आहे. निवृत्ती जवळ येताच शेअरांचा हिस्सा क्रमाने घटविणे, काही वर्षांच्या खर्चाची रक्कम सुरक्षित रोख्यांत वेगळी ठेवणे, मंदीत उचल कमी करणे आणि व्यवस्थापनाचा खर्च आवरणे, हे खरे कौशल्य होय. वयानुसार शेअरांचा हिस्सा घटविण्याची सोय राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत आहे. तिचे मर्म हेच. अशा कौशल्याने परतावा वाढेलच असे नाही. परंतु दैव प्रतिकूल झाले तरी वृद्धाच्या घरची चूल त्यावाचून थांबणार नाही, एवढी तजवीज त्याने होऊ शकते.